अकराचा विनोद

आमचे तडवळकर साहेब रोज सकाळी बरोबर अकरा वाजता एक विनोद सांगत. यात विशेष काही नाही, सोलापुरात विनोद सांगणारे साहेब पुष्कळ असतील. पण तडवळकर साहेब तो अशा जागी उभे राहून सांगत, जिथे शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी त्याला पत्ता लागला नसता.

मी एका गिरणीच्या साळखात्यात कारकून होतो. साळखातं म्हणजे कापड विणायचं खातं. एका पत्र्याखाली अडीचशे माग, प्रत्येकात सूत नेणारा धोटा या अंगाकडून त्या अंगाला आपटतोय, आणि हे दिवसभर. पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तेव्हा वाटलं, काहीतरी कोसळतंय. पुढची चौदा वर्षं ते कोसळतच होतं. आमचे विणकर बहुतेक तेलुगू, पद्मसाळी घरचे. दहा वर्षं मागावर काढलेला माणूस घरी बायकोशीसुद्धा ओरडून बोलतो, आणि तिने दिलेलं उत्तर त्याला ऐकू येत नाही. त्यामुळे त्यांचे संसार सुखाचे होतात असं आमच्याकडे म्हणत. म्हणणारे अर्थात कचेरीतले असत.

अकराला साहेब आमच्या काचेच्या केबिनमधून बाहेर पडत आणि दोन ओळींच्या मधोमध, भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभे राहत. उजवा हात वर करत. विणकर एक डोळा मागावर ठेवून दुसरा साहेबांकडे लावत. मग साहेबांचे हातवारे सुरू होत, डोळे मोठे होत, मान कधी या खांद्यावर तर कधी त्या. मिनिट-दीड मिनिटाने ते थांबत, चष्मा काढत आणि रुमालाने पुसू लागत. तेवढ्यासरशी सगळं खातं हसे. आवाज यायचा प्रश्नच नव्हता, शंभर-सव्वाशे माणसं दात दाखवताना नुसती दिसत. साहेब चष्मा लावून ते पाहून घेत, केबिनमध्ये परत येत, दार लावत आणि मला म्हणत, "बघा पाटणकर. हसायला काय सूत लागतंय?"

बाहेर काय विनोद झाला हे मला माहीत असे, कारण तो आधी तीन वेळा माझ्यावर झालेला असे. केबिनच्या दोन काचांमुळे तिथे निदान माणसासारखं बोलता येई. सकाळी भोंगा झाल्यापासून साहेब माझ्या टेबलाशी घुटमळत. मी हजेरीचं पुस्तक ओढलं की म्हणत, "ऐका की." मी ऐके. साडेआठला, साडेनऊला, पुन्हा साडेदहाला. प्रत्येक वेळी ते विचारत, शेवट आणखी हळू घेऊ का. मी म्हणे, घ्या. मी एकदाही हसलो नाही. मला वाटतं, त्यांनाही ते अपेक्षित नसावं. आरशाने हसावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते.

विनोद कसे होते, हे कळायला एक सांगून टाकतो. त्यांचा सगळ्यात आवडता, महिन्यातून एकदा तरी येणारा, बैलाचा. माळशिरसकडचा एक पाटील विहिरीवर नवा पंप बसवतो. पंप सुरू होतो, धो धो पाणी येतं. पाटील आपल्या म्हाताऱ्या बैलाकडे जातो आणि म्हणतो, बाबा, जन्मभर मोट ओढलीस, आता तू बस. बैल म्हणतो, बसतो की मालक, पण वैरण मला घालणार का पंपाला? संपला. यावर चष्मा पुसायचा.

मी तीन वेळा बदलीचा अर्ज केला होता. गोदामात टाका, बॉयलरवर टाका, पण हे ऐकणं आवरा, असं नव्हतं लिहिलं, प्रकृतीचं कारण दिलं होतं. कचेरीत माझा अर्ज वाचून सगळे थक्क होत, कारण आमच्या खात्यातून बाहेर जाऊ पाहणारा मी एकटाच. बाकीच्या खात्यांतून आमच्याकडे येण्यासाठी माणसं वशिले लावत. आमच्याकडे गैरहजेरी कमी, भांडणं कमी, मेमो जवळजवळ नाहीत. गिरणीच्या लेबर ऑफिसरने यावर फार विचार केला आणि निष्कर्ष काढला की हे विनोदामुळे होतं. मग त्याने सूतखात्याच्या मास्तरांनाही रोज एक विनोद सांगायचा हुकूम दिला. ते मास्तर म्हणजे कडू कारल्याचा वेल. त्यांनी कागदावरून वाचून विनोद सांगितला. सूतखात्यात ओरडलं की ऐकू येतं, त्यामुळे सगळ्यांना तो नीट ऐकू आला. मास्तर हसतायत हे पाहून बायामाणसं घाबरली, कुणाकुणावर गदा येणार याची कुजबूज सुरू झाली, आणि दुपारी युनियनचे लोक विचारायला आले. तो प्रयोग तिथेच मिटला.

मग आमच्याकडे काय होत होतं? हे मला नरसय्याने सांगितलं. नरसय्या हा जुन्या मागांच्या ओळीचा जॉबर, म्हणजे त्या ओळीवरच्या विणकरांचा म्होरक्या. पन्नाशीचा, सुकलेला, बोटांची टोकं सुताने कापून कापून गुळगुळीत झालेला. एकदा दुपारच्या सुट्टीत भिंतीच्या सावलीत भाकरी आणि शेंगाचटणी खाताना मी त्याला विचारलं, की बाबा, साहेब एवढं काय चांगलं सांगतात?

"कुनाला ठाव," नरसय्या म्हणाला. "आट वर्सं झाली, येक अक्षर कळलं न्हाय."

मला वाटलं, तो गंमत करतोय. पण तो अगदी सरळ सांगत होता. मागावरची माणसं कानांनी ऐकत नाहीत, ओठ वाचतात. वीस हातांवरून दोन विणकर नुसते ओठ हलवून मुलीच्या सोयरिकीची बोलणी पार पाडतात, हे मी पाहिलं आहे. साहेबांचे ओठ मात्र कुणी कधी पाहिलेच नव्हते, कारण साहेबांना मिशी होती. मिशी म्हणजे साधीसुधी नव्हे. नाकाखालून निघून खालच्या ओठावर उतरलेली, भुरभुरीत, दाट. चहा प्यायले की ती आधी चहा पीत असे. साहेबांची समजूत अशी, की हे लोक ओठ वाचतात, तेव्हा आपलं त्यांना सगळं समजतं. आपल्या ओठांवर छप्पर आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. कामाच्या सूचना ते हाताने देत नाहीतर मागावर खडूने खुणा करीत, त्यामुळे तिथेही अडलं नाही.

"मग हसता कशाला?" मी विचारलं.

"चष्मा पुसला की हसायचं," नरसय्या म्हणाला. मग भाकरीचा तुकडा मोडला. "खोटं न्हाय हसत. मिशी कशी उडती, बगा की तुमी. आन येक मानूस रोज आमच्यासाटी येवडं करतंय. आदीचा मास्तर अकरा वाजता शिव्या द्यायचा. त्याच्या बरूबर कळायच्या, त्याला मिशी नव्हती."

म्हणजे ज्यांना विनोद ऐकू येत नव्हता ती सव्वाशे माणसं खूश होती, आणि ज्याला ऐकू येत होता तो एकटा बदलीचे अर्ज लिहीत होता. हे मी साहेबांना सांगायला हवं होतं. आधी कंटाळा केला. मग पुढे वाटलं, आता एवढ्या वर्षांनी कशाला. मला ती एक खाजगी करमणूकही वाटू लागली होती, हे कबूल करतो. साहेब बाहेर जाऊन तोंड हलवीत आणि मी काचेआडून मनात म्हणे, बोला, बोला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाणी दिवसाआड, मग तीन दिवसांआड. मंगळवेढ्याकडून माणसं बायकापोरांसह गावात येऊन बसली. वीज जाऊ लागली, कापूस येईना, सूत पुरेना. 'हसायला काय सूत लागतंय' हे साहेबांचं वाक्य मी त्या उन्हाळ्यात ऐकलं नाही. विनोद मात्र चालू होते. मला तेव्हा ते निर्लज्जपणाचं वाटे.

एका सोमवारी वरच्या कचेरीतून साहेबांना बोलावणं आलं. तासाभराने परत आले ते हातात एक कागद घेऊन. जुन्या मागांची ओळ बंद करायची. माग भंगारात जाणार, आणि त्या ओळीवरचे बत्तीसजण येत्या शनिवारी घरी. पहिलंच नाव नरसय्याचं. कागद फळ्यावर लावायचा, एवढंच साहेबांना करायचं होतं.

"फळ्यावर नको," साहेब म्हणाले. "निम्म्यांना मराठी वाचता येत नाही. दुसऱ्यानं वाचून दाखवायचं आणि यांनी उभं राहून ऐकायचं, तसं नको. मी सांगतो. आपली माणसं हायत."

त्यांनी वर जाऊन दहा मिनिटं माग थांबवायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. उत्पादनाचं नुकसान होतं. "नाही तर नाही," ते मला म्हणाले. "माग चालू असतानाच तर ती रोज ऐकतात."

इथे मी बोलायला हवं होतं. साधं एक वाक्य होतं. साहेब, त्यांना तुमचं काही कळत नाही. मंगळवारी सकाळी साडेआठला ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "ऐका की पाटणकर." मी ऐकलं. ते म्हणाले की ही ओळ चांगली होती, यात तुमचा दोष नाही, मी भांडलो पण माझं चाललं नाही. साडेनऊला पुन्हा. साडेदहाला त्यांचा आवाज मध्येच बसला. मी काय केलं, तर एक शब्द बदलायला सुचवला. 'कमी करण्यात येत आहे' ऐवजी 'घरी बसावं लागेल' म्हणा, सोपं पडेल, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि अकराला बाहेर गेले.

घड्याळाखाली उभे राहिले. हात वर केला. खातं त्यांच्याकडे बघू लागलं. काचेआडून मला त्यांची पाठ आणि समोरचे चेहरे दिसत होते. ते बोलत होते, हात नेहमीसारखे हलत होते, कारण दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने हात हलवायचे हे त्यांना माहीत नव्हतं. दोन मिनिटं झाली, तीन झाली. विणकरांना वाटलं असणार, आज मोठा आहे. मग ते थांबले, आणि डोळे भरून आले असावेत म्हणून त्यांनी चष्मा काढला. रुमालाने पुसू लागले.

सगळं खातं हसलं. जुनी ओळ सगळ्यांत जास्त. नरसय्याने तर मांडीवर थाप मारली.

साहेब हलले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि पाहिलं. मग काय करावं न सुचून त्यांनी हात जोडले. ते नवीन होतं, त्यामुळे माणसं आणखी हसली.

ते आत आले, दार लावलं आणि खुर्चीत बसले. "हसली," ते म्हणाले. मी तेव्हा सगळं सांगितलं. मिशी, ओठ, चष्मा, सगळं. सांगताना मी टेबलाकडे बघत होतो. त्यांनी एकदा हाताने मिशी चाचपली.

"बारा वर्षं?"

"होय साहेब."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

मी होय म्हटलं. मला वाटलं, आता ते ओरडतील. त्यांनी तो कागद घडी करून माझ्या खणात ठेवला, उद्यापर्यंत लावू नका म्हणाले, आणि भोंगा व्हायच्या आत प्रथमच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. ओळखलंच नाही. मीही ओळखलं नसतं. मिशी नव्हती. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता आणि कुणीतरी कधीकाळी तो वेडावाकडा शिवला होता. शिवणीपाशी तो वर ओढला जाई आणि एक दात उघडा पडे. मला नजर कुठे ठेवावी कळेना. त्यांनीच सोडवलं.

"आई ग्रहणात वांगं चिरायला बसली, म्हणतात," ते म्हणाले. "वांगं तरी चांगलं झालं असेल."

हा त्यांचा पहिला विनोद, जो मला साडेनऊला आणि साडेदहाला पुन्हा ऐकावा लागला नाही. पुढचं त्यांनी पाठमोरे होऊन, टोपी खुंटीला लावता लावता सांगितलं. अक्कलकोटच्या शाळेत मुलं त्यांना बघून हसत. मग त्यांनी ठरवलं की मुलं हसायच्या आत आपणच हसवायचं, म्हणजे ओठाला हसली की विनोदाला ते कळत नाही. मिसरूड फुटल्यावर त्यांनी मिशी वाढवली आणि नंतर कधी कापली नाही. लग्न झालं नाही. त्यांच्या घरी कोणी नाही हे मला माहीत होतं, पण कधी विचार केला नव्हता. बारा वर्षं मी त्यांचे विनोद मोजत होतो.

साडेसातला ते बाहेर गेले. या वेळी घड्याळाखाली नाही. जुन्या ओळीच्या पहिल्या मागापाशी जाऊन त्या विणकराच्या समोर, हातभर अंतरावर उभे राहिले आणि तो फाटका ओठ हलवून त्याला सावकाश सांगितलं. विणकर आधी दचकला, मग वाचू लागला, मग त्याचा हात मागावरून खाली आला. साहेब पुढच्या मागाकडे गेले. असे बत्तीसजण. एकालाही त्यांनी घाईत सांगितलं नाही. सह्या आणि अंगठे घ्यायला मी पुस्तक घेऊन मागे मागे होतो. साहेब पुढे सरकले की मागचा विणकर आपला माग बंद करी. त्या ओळीत एक एक माग गप्प होत गेला. त्या ओठाला कुणी हसलं नाही. बहुतेकांना तो दिसलाच नसावा, ते अक्षरं बघत होते.

नरसय्या शेवटी होता. त्याने सगळं वाचलं, सही केली. एवढ्या वर्षांत मलाही थोडे ओठ वाचता येऊ लागले होते आणि ती ओळ बंद होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मला समजलं.

"मास्तर, बारा वर्सं काय सांगत व्हता तुमी?" नरसय्या म्हणाला. "येक तरी सांगा जाताना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना दुसरा कोणताच आठवला नाही. त्यांनी बैलाचा सांगितला. पाटील, पंप, म्हातारा बैल, वैरण. हातवारे केले नाहीत. नरसय्या एकेक शब्द टिपून घेत होता. विनोद संपला तरी तो बघतच राहिला.

"मग?" त्याने विचारलं. "पाटलानं वैरन कुनाला घातली?"

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. साहेबांचा ओठ दोनदा हलला, पण त्यातून काही वाचता आलं नाही.  मग खांद्यावरच्या फडक्याने नरसय्याने आपल्या मागावरची धूळ पुसली, जशी तो रोज सुट्टी होताना पुसे, आणि बाकीच्यांना घेऊन बाहेर गेला. शनिवारपर्यंत थांबायचं होतं, पण त्या ओळीवरचं कोणी थांबलं नाही.

पुढे दोघे-तिघे भिवंडीला गेले, बरेचजण खडी फोडायला दुष्काळी कामावर. नरसय्या घरीच राहिला. त्याची बायको विड्या वळते, तो बसून पानं कापून देतो, असं कळलं. माग लोखंडाच्या भावाने गेले. त्या जागेवर लादीचे चौकोन तेवढे पांढरे राहिले.

साहेबांनी मिशी पुन्हा वाढवली नाही आणि अकराला ते बाहेर गेले नाहीत. उरलेल्या खात्यात मेमो सुरू झाले, गैरहजेरी वाढली. आमच्याकडून बदली मागणारे अर्ज आता माझ्याच टेबलावर येऊ लागले. साडेआठला कोणी माझ्याजवळ घुटमळत नसे. मला हवी होती तशी शांतता होती आणि त्या शांततेत माझ्या बेरजा चुकू लागल्या. मला त्यांची फार दया येत होती, आणि दयेपेक्षा जास्त लाज वाटत होती.

पावसाळा कोरडाच चालला होता तेव्हाची गोष्ट. एक दिवस घड्याळात अकरा झाले आणि मी पुस्तक मिटलं.

"साहेब, अकरा वाजले."

"वाजू देत," ते म्हणाले. "ऐकणारी माणसं गेली."

"मी आहे की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची वळवली आणि अकलूजच्या एका घड्याळवाल्याचा विनोद सांगितला, जो मी निदान चाळीस वेळा ऐकला होता. शेवट त्यांनी अगदी हळू घेतला. मग सवयीने चष्मा काढला आणि पुसू लागले. मी हसलो. मला नीट जमलं नाही, पण मोठ्याने हसलो, दारापर्यंत ऐकू जाईल असं.

साहेबांनी चष्मा लावला आणि कागद पुढे ओढले.

"राहू द्या, पाटणकर," ते म्हणाले. "तुम्हाला ऐकू येतंय."